पाणचट फळांचं वर्ष

"पाक चढत असताना बोलायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

या घरातल्या मुलीला हा नियम पहिल्यांदा सांगितला गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. तिने लगेच त्या फटीतून विचारलं, "का?" आजीने डोळे वटारले. बाबांनी खाकरून विषय गिळला. आत्याने मला पातेल्यात जरा जोरात फिरवलं.

मला म्हणजे डावाला. मी लाकडी डाव बोलतोय. खेळातला नव्हे. मला कुणी मांडत नाही, कुणी मोडत नाही, आणि मी उलटलो तर फार तर जॅम सांडतो. ज्या घरात माणसांनी बोलायचं नसतं तिथे शेवटी लाकडाला तोंड उघडावं लागतं. मी जरा चिकट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी नासपतीच्या झाडाचा. शाळेच्या मागे ते झाड होतं, वादळात आडवं झालं. गल्लीच्या तोंडाशी एक सुतार होता, त्याने बुंध्याच्या खुर्च्या केल्या, सरळ फांद्यांचे भोवरे केले आणि एक वेडावाकडा तुकडा हातात धरून बराच वेळ कान खाजवला. "तुझं काय करू रे?" असं त्याने मलाच विचारलं. मग माझ्यातला वाक तसाच ठेवून त्याने मला कोरलं.

बरेच दिवस मला गिऱ्हाईक मिळालं नाही. बायका उचलायच्या, मनगट वाकडं करून बघायच्या आणि परत ठेवायच्या. एके दिवशी सोळा वर्षांची एक मुलगी आली. तिने मला डाव्या हातात धरलं आणि हवेतच काहीतरी ढवळलं.

"काका, हा डाव डावऱ्यांसाठी केलाय का?"

"हातात बसला असेल तर तुझ्यासाठीच केलाय."

ती मुलगी म्हणजे आत्ताची आत्या. तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती. तिच्या मागे फक्त एक धाकटा भाऊ होता, तो सारखा तिची पेन्सिल पळवायचा.

मग सुरू झाले माझे खरे दिवस. उन्हाळा संपता संपता घरात आलुबुखारं यायची. जांभळी, फुगलेली, अंगावर पांढुरकी धूळ असलेली. आजी ती निवडायला बसायची, आजोबा बिया काढायचे, भाऊ निम्मी फळं पोटात निवडायचा. रात्रभर फळं साखरेत पडायची आणि सकाळी त्यांनी आपलं सगळं पाणी सोडलेलं असायचं. मग ती रुंद बुडाच्या पातेल्यात जायची आणि आत्या मला हातात घ्यायची. ती डावरी, मी डाव. आमचं जमलं.

माझा अर्धा जीव पाकात आणि अर्धा माणसाच्या मुठीत असतो. त्यामुळे दोन गोष्टी मला नेमक्या कळतात, खाली आच किती आहे आणि वर मन कुठे आहे. आत्याचं मन लांब असायचं. ती नकाशे काढायला शिकत होती. डाव्या हाताने शाई पुसली जाते म्हणून ती कागद तिरका ठेवायची आणि मान त्याहून तिरकी. हिवाळ्यात जॅमची बरणी उघडली की बशीत उरलेल्या जॅममध्ये ती बोटाने किनारा काढायची. इथे खाडी, इथे बेट, इथे दीपस्तंभाचा ठिपका. मग पावाच्या तुकड्याने अख्खा समुद्र पुसून खायची.

तिची एक मैत्रीण होती. इतकी उंच, की सगळे तिला शिडी म्हणायचे. वरच्या फळीवर बरण्या ठेवायचं काम तिचं, तिला स्टूल लागायचं नाही. दोघी एकाच वर्गात, दोघींना समुद्राचे नकाशे काढायचेच होते. "मी उभी राहून खोली मोजीन, तू काठावर बसून लिहून घे," असं शिडी म्हणायची. आणि एका वर्षी दोघींना एकाच दिवशी पत्र आलं. किनाऱ्यावरच्या नकाशांच्या कार्यालयात दोन जागा. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. त्या बाजूची बस शनिवारी दुपारी पावणेदोनला होती. त्यानंतरची थेट मंगळवारी.

त्या वर्षी वसंतात आजोबा गेले होते.

शनिवारी आत्याची बॅग सकाळीच भरून दाराशी उभी होती. साडेबाराला आजीने फळं पातेल्यात घातली.

"आई, आज कशाला? उद्या तुम्ही दोघं करा ना."

"फळं थांबतात होय? डाग पडायला लागलेत. पाऊण तासाचं तर काम. माझ्याने आता हात चालवत नाही एवढा वेळ. एवढा पाक होऊ दे, मग जा."

आत्याने बाह्या सरसावल्या आणि मला उचललं. त्या दिवशी तिची मूठ गरम होती. ती गुणगुणत होती. तेव्हा पाकापाशी बोलायला, गायला, काहीही करायला बंदी नव्हती. भाऊ समोर स्टुलावर बसून दुसऱ्या घाणाच्या बिया काढत होता आणि ती त्याला चिडवत होती, "माझी खोली घे, पण माझ्या पेन्सिलींना हात लावलास तर बसने परत येऊन मारीन."

पाक चांगला घट्ट होत होता. बुडबुडे आधी हलके असतात, फटफट फुटतात. मग ते जड होतात, सुस्कारे टाकल्यासारखे फुटतात. ते जड व्हायला लागले होते. आणि मग अचानक माझ्या बुडाखालची ऊब गेली.

आजी फडकं घ्यायला मागून आली होती. फडकं तिने घेतलं. जाता जाता तिचा हात शेगडीच्या बटणावर गेला आणि जरासा वळला. जरासाच. आत्या पाकाकडे बघत होती, तिला दिसलं नाही. समोर बसलेल्या भावाला दिसलं. त्याने आईकडे बघितलं, मग हातातल्या फळाकडे बघितलं, आणि मग तो फळाकडेच बघत राहिला.

सव्वाला शिडी दारात आली.

"झालं का गं? चल की!"

"दोनच मिनिटं."

थंड बशीवर पाकाचा थेंब टाकायचा आणि बोटाने ढकलायचा. थेंबावर सुरकुती पडली की पाक झाला. आत्याने थेंब टाकला. तो बशीभर पळत सुटला. पाच मिनिटांनी परत टाकला. परत पळाला.

"काय झालंय याला आज?"

"होईल गं," आजी म्हणाली. "घाई केली की बिघडतं."

"शिडे, तू हो पुढे. जागा धर. मी आलेच पळत."

"जागा काय, मी ड्रायव्हरची कॉलर धरून ठेवते," शिडी म्हणाली आणि लांब लांब ढांगा टाकत गेली.

तुम्ही म्हणाल, आत्या मला टाकून का गेली नाही? पुढे दात पडलेल्या त्या मुलीनेही हेच विचारलं. पण घरातली सगळी साखर त्या पातेल्यात होती. हिवाळाभर खायचं ते तेवढंच होतं. वडील जाऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि आई म्हणत होती की तिचा हात चालत नाही. चांगल्या मुलींना अडवायला कुलूप लागत नाही. त्यांच्या हातात एक काम दिलं की झालं. ते काम मी होतो. हे मी विसरू शकत नाही.

बसचा हॉर्न ऐकू आला. आत्याची मूठ माझ्या दांड्यावर इतकी आवळली की मी मोडतो की काय असं मला वाटलं. तरी ती ढवळत राहिली. थोड्या वेळाने आजी फडकं ठेवायला आली आणि माझ्या बुडाखाली पुन्हा ऊब आली. दहा मिनिटांत थेंबावर सुरकुती पडली.

"या वर्षीची फळं पाणचट निघाली, आई," आत्या म्हणाली.

आजी म्हणाली, "हो. पाणचटच."

जागा पुढच्या उमेदवाराला गेली. आत्या गावातल्या छापखान्यात प्रुफं तपासायला लागली. शिडीची पत्रं यायची. पाकिटावर ती मुद्दाम एखादा नवा खडक नाहीतर वाळूचा दांडा काढून पाठवायची आणि खाली लिहायची, "हा तुझ्या वाटणीचा." पुढच्या वर्षी पातेलं शेगडीवर चढलं तेव्हा आत्या ढवळता ढवळता म्हणाली, "शिडीचं परवा पत्र आलं. ती म्हणते, अजूनही एखादी जागा..."

"पाक चढतोय," आजी म्हणाली. "बोलू नकोस. बोललं की पाक बिघडतो."

हा त्या नियमाचा जन्म. मी त्याचा साक्षीदार आहे. त्यात ना स्वयंपाकाचं शहाणपण आहे, ना पूर्वापार काही. एका बाईला एका प्रश्नाची भीती वाटली, एवढंच. पण वडीलधाऱ्यांच्या भीतीला आपल्याकडे फार लवकर नियमाचे कपडे चढतात, आणि मग त्या कपड्यांच्या आत कोण उभं आहे हे बघायची कुणाला परवानगी नसते.

आजीला राक्षसीण समजू नका. आजोबा गेल्यावर ती जेवताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसायची, ते मी ओट्यावरून बघितलंय. ती घाबरली होती, मान्य. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याचं आयुष्य मंद आचेवर ठेवायचं का?

आणि आत्या? तिने सगळा दोष फळांवर टाकला. उरलेला स्वतःवर. त्या वर्षानंतर ती बाजारात एकेक आलुबुखार अंगठ्याने दाबून बघायची. फळवाला वैतागायचा. "ताई, फळ घेताय की नाडी बघताय?" तरी ती दाबायचीच. घट्ट फळं आणायची, साखर मोजून घालायची, आणि दर वर्षी पाऊण तासात पाक व्हायचा. दर वर्षी ती घड्याळाकडे बघायची. एकदा कुणी नसताना ती मला धुता धुता पुटपुटली, "त्या दिवशी माझाच हात हळू चालला असेल." मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझ्या नशिबी नुसती मान आहे, गळा नाही.

बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र ती अजून लिहायची. नकाशावर गावांची नावं लिहितात तशी बारीक, सरळ, एका उंचीची अक्षरं. दर वर्षी एका बरणीवर "शिडी" असं लिहायची आणि ती वरच्या फळीवर ठेवायची, स्टुलावर चढून. काही वर्षांनी पत्रं कमी झाली. मग थांबली. बरणी ठेवणं थांबलं नाही.

या अशा गप्प स्वयंपाकघरात ती मुलगी आली. भावाची मुलगी. घरात तिला तोफ म्हणतात. दात पडलेल्या वयात तिने नियम ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी आजीचं लक्ष नसताना पातेल्याच्या काठाशी तोंड नेऊन पाकाला "गाढवा" म्हणाली. मग संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजी, मी पाकाला शिवी दिली, तरी तो जमला!" आजीने तिचा कान पिरगाळला. आत्या कितीतरी वर्षांनी खदखदून हसली.

तोफ मोठी झाली, शहरात जाऊन यंत्रांचं शिकून आली. बोलायला लागली की थांबायची नाही. "आत्या, एवढी बुद्धी आणि छापखान्यात दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारत बसलीस? गेली का नाहीस?"

"गेलेच असते गं. फळं पाणचट निघाली."

"हे काय कारण आहे?"

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. तुमच्या पिढीचं काहीच कळत नाही मला. कुणी कुणाला काही विचारत नाही, कुणी कुणाला काही सांगत नाही, आणि म्हणे आमचं घर एकत्र!"

गेल्या आठवड्यात तोफेला गोदीतल्या नोकरीचं पत्र आलं. जहाजांच्या इंजिनांची दुरुस्ती. उद्या सकाळी आठला हजर व्हायचंय आणि वेळेत पोहोचवणारी शेवटची बस आज दुपारी सव्वादोनची. तिची आई दवाखान्यात परिचारिका आहे. ती पहाटेच ड्यूटीवर जाताना पोरीचा मुका घेऊन गेली. "वेळेवर नीघ," एवढंच म्हणाली.

आणि आज दुपारी एकला आजीने फळं पातेल्यात घातली.

"आत्याचा खांदा धरलाय," आजी तोफेला म्हणाली. "तुझे बाबा बिया काढतायत. पाऊण तासाचं तर काम. एवढा पाक होऊ दे, मग जा."

शब्दही तेच. सत्तावीस वर्षं झाली, शब्दसुद्धा बदलायची तसदी घेतली नाही.

तोफेने मला उजव्या हातात घेतलं. मी तिच्या हातात नीट बसत नाही. माझा वाक डावरा आणि कडही आत्याच्या हाताने झिजलेली, तिला सगळं उलटं पडतं. तरी ती ढवळायला लागली. आत्या मोरीपाशी पाठमोरी उभी राहून बरण्या धूत होती. बाबा स्टुलावर. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. बुडबुडे जड होत आले. नियमाप्रमाणे सगळे गप्प.

आणि माझ्या बुडाखालची ऊब गेली.

मी लाकूड आहे, तरी मला थंडी वाजली.

पण या मुलीने यंत्रं शिकली आहेत. तिने मला दोनदा फिरवलं, थांबली, बुडबुड्यांकडे बघितलं आणि खाली वाकून आचेकडे बघितलं.

"आच कुणी कमी केली?"

"पाक चढतोय," आजी म्हणाली. "बोलू नकोस."

"चढत नाहीये, आजी. उतरतोय. म्हणूनच विचारतेय. तुझा हात होता बटणावर."

"करपला असता."

"मी ढवळतेय ना? आणि पाक मोठ्या आचेवर करायचा हे तूच शिकवलंस मला. सव्वा वाजून गेलाय. असा तीनपर्यंत व्हायचा नाही."

मोरीतला नळ बंद झाला. आत्या वळली. तिच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. तिने शेगडीकडे बघितलं, आजीकडे बघितलं, मग परत शेगडीकडे.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्या वर्षी फळं पाणचट होती ना गं?"

आजी पातेल्यात बघत राहिली.

"आई?"

तोफ एकदम फिरली. "बाबा! तुम्ही इथेच बसला होतात ना त्या दिवशी? आत्या नेहमी सांगते, समोरच होतात. तुम्ही काय बघितलंत?"

बाबांच्या हातातलं फळ अर्धं चिरलेलं होतं. त्यांनी बी काढली नाही.

"मी वीस वर्षांचा होतो," ते म्हणाले.

झालं. सत्तावीस वर्षांत या माणसाकडून तेवढंच निघालं.

आत्या रडली नाही. तिने फक्त डावा हात उघडून बघितला, मागून पुढून, जणू तो आत्ताच परत मिळाला होता.

"सगळे गेले असते," आजी म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच असा बारीक झालेला ऐकला. "तुझे आजोबा गेले. ही जाणार, मग तो जाणार. मी कुणासाठी भरायच्या होत्या बरण्या?"

"नसत्या भरल्या," तोफ म्हणाली. "नसत्या भरल्या आजी, तर एक हिवाळा कोरडा पाव खाल्ला असता. आत्याने सत्तावीस हिवाळे काय खाल्लं, विचारलंस कधी?"

आजीने डोळे पुसले. मग सवयीनेच, खरंच निव्वळ सवयीने, तिने बटण वळवून आच मोठी केली आणि म्हणाली, "चुकलं माझं. पण अर्धं पातेलं असं टाकून जाऊ नये गं. आता वेळ नाही लागायचा. एवढा पाक तेवढा..."

"नाही."

तोफेने मला पातेल्यातून काढलं, झटकलंसुद्धा नाही, आणि बशीत आडवं ठेवलं.

"हिवाळ्यात मी येईन. फोन करीन. तू आजारी पडलीस तर रात्रीची गाडी पकडून येईन. पण पाक होईपर्यंत थांबणार नाही. आज नाही, कधीच नाही."

तिने खुंटीवरून कोट काढला आणि दाराशी उभी केलेली बॅग उचलली. बॅग जड होती, तिचा खांदा एका बाजूला गेला. आत्याने साडीला हात पुसले, पुढे झाली आणि बॅगेचा दुसरा बंद धरला. दोघी जिना उतरल्या. बॅग मध्ये हेलकावत, कठड्याला आपटत.

मी अजून त्याच बशीत पडून आहे. अंगावरचा पाक घट्ट व्हायला लागलाय. मी नासपतीचं वाकडं लाकूड, माझं मागणं काही मोठं नाही. मला ढवळायला वापरा, वाढायला वापरा, फार जुना झालो तर शेकोटीत घाला. पण कुणाला अडवून ठेवायला पुन्हा कुणाच्या मुठीत देऊ नका.

पाक बुडाला लागल्याचा वास सुटलाय. आजी माझ्याकडे बघतेय, बाबा माझ्याकडे बघतायत. दोघांचे हात मांडीवर आहेत. खालून रस्त्यावरून आत्याचा आवाज आला, काहीतरी मोठ्याने सांगत होती, आणि मग मुलीचं हसू.